कॉलेज बास्केटबॉलचा 'प्लेअर ऑफ द इयर': चार महिन्यांचा खेळ की मार्चमधली एक रात्र?

बॉयलर_सांगलीकर | १३ एप्रिल २०२५

परवा ड्यूक युनिव्हर्सिटीच्या कूपर फ्लॅगला वुडन अवॉर्ड जाहीर झालं आणि आमच्या ग्रुपवर दर एप्रिलला होतो तो वाद पुन्हा पेटला. ड्यूक सेमीफायनलला ह्यूस्टनकडून ७०-६७ हरली. विजेतेपद फ्लोरिडानं नेलं. सेमीफायनलला ऑबर्नविरुद्ध ३४ गुण ठोकणारा फ्लोरिडाचा वॉल्टर क्लेटन फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग नेस्मिथ, वुडन, एपी, ऑस्कर रॉबर्टसन ट्रॉफी ही 'प्लेअर ऑफ द इयर'ची सगळी बक्षिसं फ्लॅगला कशी? ग्रुपवर मला नीट मांडता येईना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

फायनल फोरच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब वेगळा आहे आणि तो क्लेटनला मिळालाच. 'प्लेअर ऑफ द इयर' मोसमाचा असतो. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तीसहून जास्त सामने. एपी वृत्तसंस्थेसाठी मत देणाऱ्या पत्रकारांची मतं तर मार्च मॅडनेसचा, म्हणजे मोसमाअखेरच्या तीन आठवड्यांच्या बाद फेरीच्या स्पर्धेचा पहिला चेंडू पडायच्या आधीच जमा होतात. वुडनचं मतदान स्पर्धेच्या सुरुवातीच्या दिवसांत उरकतं. म्हणजे एप्रिलमध्ये ट्रॉफी हातात दिसते तेव्हा निकाल लागून बरेच दिवस झालेले असतात. हे लक्षात घेतलं की निम्मा वाद मिटतो.

फ्लॅगचा मोसम बघा. सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं), ४.२ असिस्ट (ज्यावर गुण होतो असा पास). गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील आणि ब्लॉक या पाचही बाबतींत तो ड्यूकमध्ये पहिला. नोट्र डेमविरुद्ध ४२ गुण. वय अठरा, तेही डिसेंबरात पूर्ण झालेलं. त्याचे वर्गमित्र अजून हायस्कूलला होते, तो एक वर्ष आधी कॉलेजला आला.

पण मला खरं तर पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या झॅक ईडीबद्दल लिहायचंय. २०२१ ते २०२३ मी पर्ड्यूला मास्टर्सला होतो. तोवर बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावरची एक गंजकी रिंग, एवढीच माझी ओळख. जानेवारीत वाबाश नदीवरून येणारा वारा कानशिलं बधिर करायचा, आणि त्यातून चालत जाऊन मॅकी अरीनामध्ये शिरलं की चौदा हजार माणसांचा आवाज अंगावर यायचा. आम्हाला वरच्या रांगा परवडायच्या. वरून एक फायदा असतो, चेंडूमागे न धावता एकाच माणसाकडे बघत बसता येतं. मी ईडीकडे बघायचो. सात फूट चार इंच. पाय रोवून रिंगपाशी उभा राहायचा, एक हात वर, पंजा उघडा, इथे दे म्हणून. पाठीत एकाची कोपरं, पुढून दुसरा मनगटावर लोंबकळतोय. चेंडू आला की खांद्यावरून एकदा मागे बघायचा, एक पाऊल टाकायचा आणि उजव्या हातानं हूक. पडला तर परत पळत बचावाला. नाही पडला तर स्वतःच रिबाउंड घेऊन पुन्हा तेच. सामन्यात वीस वेळा, आठवड्यात दोन सामने, चार महिने. लोक म्हणतात उंची आहे म्हणून जमतं. उंची तर अनेकांना असते. एवढा मार खाऊन डोकं शांत ठेवणं आणि दमलेल्या पायांनी पुन्हा कोर्टच्या दुसऱ्या टोकाला वेळेवर पोचणं, हे उंचीतून येत नाही.

हा मुलगा टोरांटोचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉल हातात घेतला तो दहावीत. भरतीच्या याद्यांमध्ये त्याचं नाव चारशेच्याही पुढे होतं. २०२३ साली सरासरी २२.३ गुण आणि १२.९ रिबाउंड. एपीच्या मतदानात एक मत सोडून बाकी सगळी त्याला.

आणि त्याच मार्चच्या १७ तारखेला आमची अव्वल मानांकित पर्ड्यू सोळाव्या, म्हणजे तळाच्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ हरली. त्या मोसमात देशातला सगळ्यात बुटका संघ तो. ईडीनं २१ गुण, १५ रिबाउंड केले, पण शेवटच्या नऊ मिनिटांत त्याला एक शॉटसुद्धा घेऊ दिला नाही त्यांनी. आम्ही पाच जण एका अपार्टमेंटमध्ये बघत होतो. सामना संपल्यावर टीव्ही बंद करायलाही कोणी उठलं नाही. दोन आठवड्यांनी पुरस्कार जाहीर झाले तेव्हा सगळीकडे एकच सूर, पहिल्या फेरीत हरलेल्याला कसला सर्वोत्तम म्हणता. मला तेव्हाही पटलं नव्हतं, आज तर अजिबात नाही. एका वाईट रात्रीनं नोव्हेंबर ते मार्च पुसून जाऊ नये. या पुरस्काराचं मोल मला यातच वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

श्रीकांत_जर्सीसिटी

छान लिहिलंयस. मी मात्र त्या रात्री समोरच्या बाजूला होतो! फेअरली डिकिन्सन आमच्या न्यूजर्सीची. आणि आणखी एक योग बघ. बरोबर एक वर्ष आधी, १७ मार्च २०२२ ला, केंटकीला हरवलं ते सेंट पीटर्सनं, म्हणजे माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं कॉलेज. त्या वर्षीचा प्लेअर ऑफ द इयर कोण? केंटकीचाच ऑस्कर शिब्वे. त्यानं त्या सामन्यात ३० गुण आणि १६ रिबाउंड काढले, तरी ओव्हरटाइममध्ये ८५-७९ हरले. लागोपाठ दोन वर्षं, एकच तारीख, देशातला सर्वोत्तम खेळाडू घरी आणि घरी पाठवणारं न्यूजर्सीचं छोटं कॉलेज. आमच्या गल्लीत त्या रात्री लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत फिरत होते.

मुद्दा तुझाच धरतो. त्या रात्री शिब्वेनं आणखी काय करायला हवं होतं?

---

नागपाडा_गार्ड

सांगलीकर, लेख आवडला, पण मी थोडा वेगळा विचार करतो.

मी ऐंशीच्या दशकात नागपाडा नेबरहूड हाऊसच्या कोर्टवर वाढलो. टीव्हीवर अमेरिकन कॉलेजचे सामने कुठून दिसणार? फाउंटनच्या फुटपाथवर जुनी अमेरिकन मासिकं मिळायची, ती आम्ही चार जण पैसे काढून घ्यायचो आणि पानं सुटी होईपर्यंत वाचायचो. लॅरी बर्ड मी तिथे वाचला. फ्रेंच लिक नावाच्या खेड्यातला मुलगा, मोठ्या इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला, करमेना म्हणून काही आठवड्यांत परत आला, गावाच्या नोकरीत कचऱ्याच्या गाडीवर काम केलं, मग इंडियाना स्टेटला गेला. १९७९ ला त्यानं संघाला ३३-० वर नेऊन फायनलला आणलं आणि त्या वर्षीचे मोठे पुरस्कार सगळे त्याचे.

फायनलला समोर मॅजिक जॉन्सनची मिशिगन स्टेट. बर्डचे २१ पैकी ७ शॉट पडले, ७५-६४ हरले. सामना संपल्यावर टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसलेला बर्ड, तो फोटो अजून डोळ्यांसमोर आहे. आता मला सांगा, त्या रात्री कोर्टवर सर्वोत्तम कोण होता? मॅजिक. प्रतिस्पर्धी सगळ्यात तगडा, दडपण सगळ्यात जास्त, तिथे जो उभा राहतो त्याला मोजायचंच नाही हे मला खटकतं. आमच्या कोर्टवर लीग सामन्यांत तीस-तीस गुण करणारे पुष्कळ होते. फायनलला ज्याच्याकडे चेंडू द्यायचो तो वेगळा असायचा.

माझं म्हणणं इतकंच, मतदान फायनलनंतर घ्या. चार महिने मोजा आणि तीन आठवडेही मोजा.

---

मीनल_ऑस्टिन

काका, तुमच्या मासिकांचं वाचून छान वाटलं. पण फायनलनंतर मतदान घेतलं तर लोक फक्त फायनलच आठवतील हो! २०१६ चं घ्या. ओक्लाहोमाचा बडी हील्ड, बहामासहून आलेला, चार वर्षं खेळून घडलेला. नेस्मिथ आणि वुडन दोन्ही त्याचे. सेमीफायनलला व्हिलानोव्हानं ९५-५१ उडवलं आणि हील्डचे गुण फक्त ९. त्या रात्रीनंतर मतपत्रिका हातात दिली असती तर त्याला कोणी मत दिलं असतं का?

मला वेगळंच काहीतरी विचारायचंय. मी २००६-०७ ला ऑस्टिनला होते. केव्हिन ड्युरँटचं एकमेव वर्ष. सरासरी २५.८ गुण, ११.१ रिबाउंड. हा पुरस्कार मिळवणारा तो पहिला फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा खेळाडू. त्यानंतर केंटकीचा अँथनी डेव्हिस २०१२, ड्यूकचा झायन विल्यमसन २०१९ आणि आता फ्लॅग. चौघेही एक वर्ष खेळून एनबीएच्या वाटेला. याउलट वेक फॉरेस्टचा टिम डंकन आठवा. आईला डिग्री पूर्ण करीन असा शब्द दिला होता म्हणून चारही वर्षं थांबला आणि शेवटच्या वर्षी, १९९७ ला, सगळं जिंकला. मला ड्युरँट बघायला मिळाला याचा आनंदच आहे, पण कॉलेजचा पुरस्कार म्हटलं की मन डंकनकडे जातं. तुमचं?

---

बॉयलर_सांगलीकर

मीनलताई, मनानं मीही डंकनच्या बाजूचा. ईडीसुद्धा चार वर्षं होता आणि पहिल्या वर्षी तर बेंचवरूनच यायचा. पण मत द्यायची वेळ आली तर मी वय बघणार नाही. यंदा ऑबर्नचा जोनाय ब्रूम पाचव्या वर्षात होता. मोरहेड स्टेटसारख्या लहान कॉलेजातून सुरुवात करून १८.६ गुण, १०.८ रिबाउंडपर्यंत आलेला. स्पोर्टिंग न्यूजनं त्यालाच निवडलं. एपीच्या ६१ मतांपैकी २० त्याला, ४१ फ्लॅगला. माझ्या मते हे बरोबर झालं. फ्लॅग थोडा सरस होता, पण ब्रूमच्या खेळाचीही नोंद राहिली.

---

केतकी_वाचनमात्र

माझी पहिलीच प्रतिक्रिया. इतके वेगवेगळे पुरस्कार का? यातला मुख्य कोणता?

---

श्रीकांत_जर्सीसिटी

केतकी, स्वागत! देणारे वेगळे, म्हणून पुरस्कार वेगळे. बास्केटबॉल लेखकांच्या संघटनेचा १९५९ पासून. पहिली दोन वर्षं तो सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसननं जिंकला आणि १९९८ पासून त्याला त्याचंच नाव आहे. एपी वृत्तसंस्थेचा १९६१ पासून. नेस्मिथ अटलांटाच्या टिपऑफ क्लबचा, १९६९ ला पहिला विजेता यूसीएलएचा ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार. प्रशिक्षकांच्या संघटनेचा १९७५ पासून. वुडन लॉस एंजेलिसच्या अ‍ॅथलेटिक क्लबचा, १९७७ पासून. टीव्हीवर गाजतात ते नेस्मिथ आणि वुडन. अधिकृतपणे मुख्य असा कोणताच नाही.

आणि मला हेच आवडतं. २००६ आठवा. ड्यूकचा जेजे रेडिक आणि गोंझागाचा अ‍ॅडम मॉरिसन. रेडिकचे थ्री पॉइंटर असे, की हातातून चेंडू सुटताना बचाव करणारा मान खाली घालायचा. मॉरिसन देशात सर्वाधिक, २८.१ च्या सरासरीनं गुण करत होता. त्याला टाइप वन डायबिटीस, बेंचवर बसून स्वतःची साखर तपासायची आणि पुन्हा कोर्टवर उतरायचं. माझ्या भावाला हाच आजार आहे, त्यामुळे त्या पोराचे सामने आमच्या घरी देवघरासमोर बसल्यासारखे बघितले जायचे. नेस्मिथ, वुडन, एपी रेडिकला. ऑस्कर रॉबर्टसन ट्रॉफी मॉरिसनला. प्रशिक्षकांनी दोघांना विभागून दिला. एकच पुरस्कार असता तर मॉरिसनच्या नावापुढे काहीच उरलं नसतं.

आणि दोघंही हरले एकाच रात्री, २३ मार्चला. रेडिकचे एलएसयूविरुद्ध १८ पैकी ३ शॉट पडले. तिकडे ओकलंडला गोंझागा १७ गुणांनी पुढे होती, तिथून यूसीएलएनं ७३-७१ नं सामना काढला. शेवटचे सेकंद उरले असतानाच मॉरिसनच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि संपल्यावर तो कोर्टच्या मध्यावर पालथा पडला. यूसीएलएचे दोन खेळाडू आपला जल्लोष सोडून त्याला उठवायला आले. भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो उठून आत गेला, सुई घेऊन आला आणि आमच्यासमोर बसून त्यानं इन्सुलिन घेतलं. त्याआधी तो नेहमी दार लावून घ्यायचा.

---

मीनल_ऑस्टिन

श्रीकांत, शेवटचं वाचून थांबले थोडा वेळ.

---

व्हिसाधारक_स्नेहल

सगळ्यांनी खेळाबद्दल लिहिलं, मी पैशांबद्दल लिहिते, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे.

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. हा दिवस यायलाही एक प्लेअर ऑफ द इयर कारण आहे. यूसीएलएचा एड ओबॅनन, १९९५ चा वुडन विजेता. पुढे एका व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःसारखाच खेळाडू दिसला, उंची, जर्सीचा नंबर सगळं तेच, आणि त्याला छदाम नाही. २००९ मध्ये त्यानं कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिच्याविरुद्ध दावा लावला आणि २०१४ ला न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. बंद दार तिथून किलकिलं झालं.

दार उघडल्यावर पहिला विजेता कोण? श्रीकांत म्हणाले तो ऑस्कर शिब्वे. काँगोच्या लुबुंबाशीचा. सरासरी १७.४ गुण आणि १५.१ रिबाउंड. पण तो इथे विद्यार्थी व्हिसावर. तुमच्या-आमच्यासारखाच. इथे ज्यांनी तो व्हिसा काढलाय त्यांना माहीत आहे, कॅम्पसवर आठवड्याला वीस तास, बाहेर परवानगीशिवाय एक डॉलर कमावला तरी स्टेटस जायची भीती. मी लायब्ररीत पुस्तकं लावायचे आणि एकदा वीस तास चाळीस मिनिटं भरली म्हणून दोन रात्री झोपले नव्हते. देशातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही तोच नियम. त्याचे अमेरिकन सहकारी जाहिराती करत होते, त्याला करता येत नव्हत्या. ऑगस्ट २०२२ मध्ये केंटकीचा संघ बहामासला खेळायला गेला, तेव्हा अमेरिकेच्या हद्दीबाहेर त्यानं आपली जाहिरातींची कामं उरकली. त्याच्यानंतरची दोन वर्षं ईडी. कॅनडाचा. त्यालाही तीच अडचण.

म्हणजे तीन वर्षं लागोपाठ अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू विद्यार्थी व्हिसावरचा मुलगा होता. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या रांगेत फाइल धरून जे उभे राहिलेत, त्यांना यात काय वाटतं हे मला वेगळं सांगायला नको.

---

बॉयलर_सांगलीकर

स्नेहल, हे सगळं मला माहीत असून मी लेखात लिहिलं नाही, चूक झाली. ईडी कॅम्पसवर दिसायचा तेव्हा आम्ही देशी पोरं आपसात म्हणायचो, आपल्याच रांगेतला आहे हा.

काका, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. १९६८ बघा. जानेवारीत अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ह्यूस्टनच्या एल्विन हेजनं ३९ गुण करून यूसीएलएला ७१-६९ हरवलं. अल्सिंडर डोळ्याला ओरखडा असताना खेळला होता. एपीचा पुरस्कार हेजला गेला. मग मार्चमध्ये सेमीफायनलला तेच दोन संघ समोरासमोर, आणि यूसीएलएनं १०१-६९ नं वचपा काढला. म्हणजे एका रात्रीचा मोह फक्त मार्चमध्येच होतो असं नाही, जानेवारीतली रात्रही मतांवर बसते. तुमचा आक्षेप इथे खरा ठरतो, हे मान्य करतो. पण त्यावर उपाय मोसमभर बघणं हाच आहे, मतदान पुढे ढकलणं नाही.

आणि एक राहिलं. ज्या जॉन वुडनच्या नावानं ट्रॉफी आहे, ते यूसीएलएचे दहा विजेतेपदांचे प्रशिक्षक म्हणून सगळ्यांना ठाऊक. खेळाडू म्हणून ते पर्ड्यूचे. १९३२ चे देशातले सर्वोत्तम खेळाडू. या पुरस्काराला अभ्यासाचीही अट आहे, गुणांची सरासरी किमान २.० लागते. तीही त्यांच्या विचारांना धरूनच.

---

नागपाडा_गार्ड

हेजचं उदाहरण चांगलं काढलंस. माझ्या बाजूचं एक मीही देतो. २०१२ ची फायनल, केंटकी विरुद्ध कॅन्सस. अँथनी डेव्हिस आधीच प्लेअर ऑफ द इयर ठरलेला. त्या रात्री त्याचा शॉट पडेचना. दहापैकी एक. गुण फक्त ६. पण १६ रिबाउंड, ६ ब्लॉक. कॅन्ससचा माणूस रिंगकडे निघाला की मध्येच मान वळवून बघायचा, हा कुठे आहे म्हणून. सहा गुण करून फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. मी पोरांना शिकवताना अजून तो सामना लावतो.

---

बॉयलर_सांगलीकर

काका, तो मीही बघितलाय, आज रात्री पुन्हा बघतो.

ईडीचं पुढचं सांगतो. फेअरली डिकिन्सनच्या पराभवानंतर तो परत आला. २०२४ ला सरासरी २५.२ गुण, पुन्हा सगळे मोठे पुरस्कार. नेस्मिथ लागोपाठ दोनदा जिंकणारा व्हर्जिनियाच्या राल्फ सॅम्पसननंतर तोच पहिला, मध्ये चार दशकं गेली. टेनेसीविरुद्ध ४० गुण आणि १६ रिबाउंड करून पर्ड्यूला १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरला नेलं. फायनलला कनेक्टिकटनं ७५-६० हरवलं. आमच्या साठपैकी सदतीस त्याचे.

मी तेव्हा नोकरीसाठी शिकागोला होतो. त्याच अपार्टमेंटमधले आम्ही पाचही जण पुन्हा जमलो होतो. शेवटच्या मिनिटाला प्रशिक्षकांनी त्याला बाहेर घेतलं, तेव्हा आम्ही पाचही जण उभे राहिलो.